इन्शुलिनची बाटली आणि दादीचे तीन सवाल

"ये किस जानवर का है?"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दादीची शुगर गोळ्यांना दाद देईना, म्हणून डॉक्टरांनी इन्शुलिन लिहून दिलं. चाचांनी बाटली आणली, तेव्हा दादीने सुईची भीती व्यक्त केली नाही. तिने हा एकच प्रश्न विचारला. चाचांनी चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. ‘बोवाइन’ असं लिहिलं होतं, म्हणजे गाईगुरांचं. दादी तयार झाली. पुढच्या महिन्यात मेडिकलवाल्याकडे ती बाटली नव्हती, त्याने दुसरी दिली. तिच्यावर ‘पोर्साइन’ होतं. दादीने चार दिवस सुई टोचून घेतली नाही. पाचव्या दिवशी तिला उठून बसवेना, तेव्हा मोहल्ल्यातले मौलवी साहेब घरी आले आणि त्यांनी समजावलं.

दादीचा दुसरा सवाल होता, "असली है क्या?" आणि तिसरा, "रखना कहाँ?" घरात फ्रीज नव्हता.

तेव्हा आम्हाला हे प्रश्न अडाणीपणाचे वाटले होते. पुढे इन्शुलिनचा इतिहास वाचताना लक्षात आलं की शंभर वर्षं शास्त्रज्ञ, कारखानदार, औषध निरीक्षक आणि फिकहचे आलिम याच तीन प्रश्नांशी झगडत आले आहेत. औषध कशापासून बनलं, खरं आहे का, आणि ते नासू न देता रुग्णापर्यंत कसं पोचवायचं. या इतिहासाचा एक महत्त्वाचा टप्पा तर आपल्याच शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात घडला. वाळूजच्या कारखान्यांच्या रांगेतून रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांना तो ठाऊक नाही.

पहिली सुई वाया गेली होती

मधुमेह जुना आजार आहे. आयुर्वेदाने त्याला लघवीच्या गोडीवरून नाव दिलं. युनानी हकीम त्याला ‘जियाबीतस’ म्हणत आले. इब्न सीनाने अकराव्या शतकातल्या आपल्या ‘अल-कानून’ या ग्रंथात त्याची लक्षणं नोंदवली आहेत. पण शरीरात नेमकं काय कमी पडतं, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

१९२१ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून एक अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी तो लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला टोचण्यात आला. शाळेच्या पुस्तकात इथेच टाळ्या वाजतात. प्रत्यक्षात ती सुई जवळजवळ वाया गेली. साखर थोडी उतरली, पण टोचल्या जागी गळू झालं आणि उपचार थांबवावे लागले. अर्कात इन्शुलिन होतं, त्याच्याबरोबर इतर घाणही होती.

पुढचे १२ दिवस जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो अर्क अल्कोहोलच्या साहाय्याने साफ केला. २३ जानेवारीला त्याच मुलाला पुन्हा सुई दिली गेली आणि या वेळी साखर खरोखर खाली आली. मुलगा तोच, आजार तोच, औषधाचा मूळ पदार्थही तोच. फरक फक्त शुद्धतेचा होता. पुढे तो मुलगा १३ वर्षं जगला.

गंमत अशी की त्यानंतर उत्पादन वाढवायला गेल्यावर कॉलिपलाच पुन्हा तसं इन्शुलिन बनवता येईना. काही आठवडे टोरांटोत औषधाचा दुष्काळ पडला. एकदा जमलेली गोष्ट दर वेळी तशीच जमवणं, ही औषधनिर्मितीतली खरी परीक्षा असते, हा धडा तेव्हाच मिळाला.

मुहतसिबला जे दिसत नव्हतं

इन्शुलिन हे पेप्टाइड आहे. अमिनो आम्लांचे मणी ओवलेली एक छोटी माळ, असं त्याचं साधं वर्णन करता येईल. इन्शुलिनमध्ये अशा दोन माळा आहेत. एकीत २१ मणी, दुसरीत ३०, एकूण ५१. त्यांचा क्रम फ्रेडरिक सँगरने १९५५ पर्यंत उलगडला आणि त्यासाठी त्याला १९५८ चं नोबेल मिळालं. या माळा एकमेकींत कशा गुंफल्या आहेत, ते डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने १९६९ मध्ये दाखवलं. त्या गटात एम. विजयन हे भारतीय शास्त्रज्ञही होते.

पाण्यात विरघळलेली ही माळ डोळ्यांना दिसत नाही. तिला रंग नाही, ओळखता येईल असा वास नाही. चांगलं इन्शुलिन, निम्मी ताकद गेलेलं इन्शुलिन आणि नुसतं पाणी, तिन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या तर फरक सांगता येणार नाही.

इस्लामी इतिहासात बाजारावर देखरेख ठेवणारा एक अधिकारी असे, मुहतसिब. वजनं-मापं तपासणं, भेसळ पकडणं हे त्याचं काम. बाराव्या शतकात सीरियातल्या शैझरीने मुहतसिबांसाठी एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. त्यात अत्तारांवर आणि औषध विकणाऱ्यांवर वेगळी प्रकरणं आहेत. अफूत कशाची भेसळ करतात, ती कशी ओळखायची, असा बारीक तपशील त्याने दिला आहे. त्या काळच्या परीक्षा पाण्यात विरघळवून पाहायच्या, रंग पाहायच्या, वास घ्यायच्या होत्या. मापात मारणाऱ्यांचा धिक्कार करून सुरू होणारी ‘मुतफ्फिफीन’ नावाची एक सूरहच कुरआनात आहे. त्यामुळे मापाचा प्रश्न या परंपरेत नुसत्या दुकानदारीचा नव्हता, दीनचाही होता.

पण इन्शुलिनपुढे तो मुहतसिबही हतबल झाला असता. जीभ, नाक, डोळे, काहीच कामाचं नाही. मग मापायचं कसं? सुरुवातीला सशावर मापलं गेलं. दोन किलो वजनाच्या उपाशी ठेवलेल्या सशाची रक्तातली साखर आकडी येण्याइतकी खाली आणणारी मात्रा, अशी ‘युनिट’ची पहिली व्याख्या होती. पण टोरांटोचा ससा वेगळा, लंडनचा वेगळा. म्हणून हेन्री डेल आणि इतरांच्या प्रयत्नांतून राष्ट्रसंघाच्या आरोग्य समितीमार्फत १९२५ मध्ये पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. कोरड्या इन्शुलिनची भुकटी सीलबंद करून ठेवली गेली आणि तिच्या एका मिलिग्रॅमला ८ युनिट मानलं गेलं. जगातल्या प्रत्येक कारखान्याने आपला माल या भुकटीशी ताडून पाहायचा.

आजच्या शुद्ध मानवी इन्शुलिनच्या एका मिलिग्रॅममध्ये साधारण २९ युनिट असतात. ८ पासून २९ पर्यंतचा हा प्रवास म्हणजेच शुद्धतेचा इतिहास. १९२५ चं ते प्रमाण त्या काळी जगात उत्तम मानलं गेलं होतं, तरी त्याच्या मिलिग्रॅममध्ये इन्शुलिन तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होतं.

गाय, डुक्कर आणि माणूस

आता दादीचा पहिला सवाल. साठ वर्षं जगातलं सगळं इन्शुलिन कत्तलखान्यातून आलं. डुकराचं इन्शुलिन माणसाच्या इन्शुलिनपेक्षा फक्त एका मण्याने वेगळं असतं, गाईचं तीन मण्यांनी. म्हणून डुकराचं इन्शुलिन माणसाच्या शरीराला जास्त मानवत असे. भारतात दोन्ही मिळत. मुसलमान घरात एका बाटलीवर अडायचं, हिंदू घरात दुसरीवर. गाय आणि डुक्कर ही जोडी या देशात १८५७ च्या काडतुसांपासून आपल्या ओळखीची आहे. या वेळी मात्र ती जीव वाचवणाऱ्या बाटलीत होती, आणि बहुतेक घरांत तो प्रश्न मोठ्याने न विचारता गिळला गेला.

आलिमांनी तो टाळला नाही. सूरह बकराच्या १७३ व्या आयतीत हराम वस्तू सांगून झाल्यावर लगेच नाइलाज झालेल्यासाठी सवलत येते. मौलवी साहेबांनी दादीला तीच आयत समजावली होती. जीव वाचवणं फर्ज आहे, तुम्ही चैन म्हणून हे घेत नाही, असं ते म्हणाले. १९९५ मध्ये कुवेतच्या इस्लामिक ऑर्गनायझेशन फॉर मेडिकल सायन्सेसच्या परिसंवादात फकीह आणि डॉक्टर एकत्र बसले. वस्तूचं मूळ रूप पालटलं तर हुकूम पालटतो का, या ‘इस्तिहाला’च्या मुद्द्यावर तिथे चर्चा झाली. डुकरापासूनचं इन्शुलिन मधुमेहींनी जरूरतेपोटी वापरावं, याला तिथे मान्यता देण्यात आली.

विज्ञानाने तोवर दुसरा रस्ता शोधला होता. १९७८ मध्ये अमेरिकेत माणसाच्या इन्शुलिनचा जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून इन्शुलिन बनवून घेण्यात आलं. १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. त्याच वर्षी युरोपात आणखी एक ‘मानवी’ इन्शुलिन आलं. ते डुकराच्या इन्शुलिनमधला तो एक मणी बदलून बनवलेलं होतं. म्हणजे बाटलीवर ‘ह्यूमन’ लिहिलेलं असूनही मुळात डुक्कर असू शकत होतं. दादीचा सवाल वाटला तितका भोळा नव्हता. कच्चा माल काय, प्रक्रिया काय, हे नुसत्या लेबलवरच्या एका शब्दावरून कळत नाही.

वाळूजचं खमीर

मराठवाडा १९४८ मध्ये निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी औरंगाबादेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याचं रुग्णालय आजही सगळ्या मराठवाड्याला ‘घाटी’ म्हणूनच ठाऊक आहे. उद्योग मात्र नव्हते. १९६२ मध्ये इथून निवडून आलेले आणि पुढे मंत्री झालेले डॉ. रफीक झकेरिया यांनी शहराच्या वाढीचा ध्यास घेतला. १९६३ मध्ये त्यांनी मौलाना आझाद कॉलेज काढलं. रौजाबागच्या त्याच परिसरात पुढे यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं फार्मसी कॉलेजही उभं राहिलं. चिकलठाणा, मग वाळूज, मग शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती वाढत गेल्या. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आल्यावर वाळूजचं नाव सर्वतोमुखी झालं.

याच वसाहतींत वोक्हार्ट ही औषध कंपनी वाढली. तिचे संस्थापक हबील खोराकीवाला मुंबईतल्या दाऊदी बोहरा कुटुंबातले. ‘अकबरअलीज’ हे प्रसिद्ध दुकान याच घराण्याचं. जनुकतंत्राच्या कामात कंपनीने जर्मनीतल्या राइन बायोटेकशी हातमिळवणी केली होती. आधी हेपॅटायटिस-बीची लस आली आणि २००३ मध्ये ‘वोसुलिन’ या नावाने मानवी इन्शुलिन बाजारात आलं. तोवर अशा इन्शुलिनसाठी भारत परदेशी कंपन्यांवर अवलंबून होता. अमेरिका आणि युरोपबाहेर ते स्वतः बनवणाऱ्या पहिल्या मोजक्या कंपन्यांत आपल्या शहरातल्या या कारखान्याचं नाव लागलं. आयात इन्शुलिनपेक्षा ते स्वस्त होतं. पुढच्याच वर्षी बंगळुरूच्या बायोकॉनचंही इन्शुलिन आलं आणि किमतींना स्पर्धेचा लगाम बसला.

हे इन्शुलिन बनवणारा जीव होता यीस्ट, म्हणजे खमीर. नान-कलियाच्या शहरात खमीर म्हणजे काय ते सांगायला नको. अर्थात हे खमीर नानवाल्याच्या पिठातलं नव्हतं. हान्सेन्युला पॉलिमॉर्फा नावाची, मिथेनॉलवरही जगू शकणारी ती एक वेगळी जात. काम मात्र ओळखीचं. तिच्यात इन्शुलिनचा जनुक घालायचा, मोठ्या टाकीत योग्य तापमानाला, योग्य हवेवर आणि खुराकावर वाढवायचं, तिने बनवलेला कच्चा पदार्थ गोळा करायचा आणि पुढे त्याचं पक्कं इन्शुलिन करायचं. मग गाळण्यांच्या आणि शुद्धीकरणाच्या एकामागून एक पायऱ्या. शेवटी निर्जंतुक खोलीत बाटल्या भरायच्या.

काहींनी तेव्हा याला ‘मुसलमानाने बनवलेलं हलाल इन्शुलिन’ म्हणत मिरवलं. मला ते पटत नाही. त्या कारखान्यात सगळ्या जातिधर्मांची माणसं पाळ्यांमध्ये काम करत होती, आणि खमीराला मालकाचा मजहब माहीत नसतो. अभिमानाची गोष्ट वेगळी आहे. पन्नास वर्षांपूर्वी एक धड कारखाना नसलेल्या शहरात जगातली एक अवघड वस्तू बनू लागली आणि दादीसारख्या कितीतरी जणींच्या पहिल्या प्रश्नाची गरजच संपली.

नोंदवही फाडली की काय उरतं

दुसरा सवाल उरतोच. असली आहे का?

महाराष्ट्राला हा प्रश्न फार महागात पडलेला आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंतच्या साखळीतली सडकी कडी न् कडी उघडी पडली. देशात औषधांचा कायदा १९४० चा आहे, भारतीय औषधसंहितेची पहिली आवृत्ती १९५५ ची. कायदा होता, संहिता होती. ती पाळणारा हात चुकला होता.

वोक्हार्टच्या गोष्टीतही हा अध्याय आहे आणि तो गाळून अभिमान बाळगणं बेइमानी होईल. २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने वाळूजच्या कारखान्यातून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर बंदी घातली. त्याच वर्षी चिकलठाण्याच्या कारखान्यावरही तीच पाळी आली. ब्रिटननेही वाळूजहून आलेली काही औषधं सावधगिरी म्हणून परत मागवली. वाळूजबद्दलच्या अमेरिकी इशारापत्रात जे नोंदवलं होतं, ते वाचून वाईट वाटतं. निरीक्षकांना कचऱ्यात फाडलेल्या मूळ नोंदी दिसल्या. त्या दाखवायला सांगितल्यावर भलतेच कागद पुढे करण्यात आले आणि मूळ कागद दुसरीकडे हलवण्यात आले.

वोसुलिन अमेरिकेत विकलं जात नव्हतं, त्यामुळे ही कारवाई त्या बाटलीवर नव्हती. तरी मुद्दा इन्शुलिनला तंतोतंत लागू पडतो. ज्या वस्तूची पारख डोळा करू शकत नाही, तिची नोंद हाच तिचा डोळा. किती तापमानाला बनली, कोणत्या तपासणीत काय आकडा आला, हे कागदावर खरं नसेल तर बाटलीत खरं काय आहे, हे कुणीच सांगू शकत नाही. औषध कदाचित उत्तमही असेल. पण आता ते ‘कदाचित’ झालं. आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. दुसऱ्याची ठेव जशीच्या तशी परत करणं. नोंदवही ही रुग्णाची अमानत असते, मालकाची मालमत्ता नव्हे.

मापाचा आणखी एक धोका घराघरात आहे. भारतात इन्शुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटर ताकदीच्या असतात, पेनमधली काडतुसं १०० च्या ताकदीची. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या असतात. ४० साठी लाल टोपण, १०० साठी नारिंगी. १०० चं इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढलं तर अडीच पट डोस जातो आणि साखर जिवावर बेतेल इतकी खाली येऊ शकते. उलट झालं तर निम्म्याहूनही कमी डोस जातो. औषध असली, कंपनी चांगली, तरी मापात मार बसतो तो असा.

माठ, गोणपाट आणि मेन स्विच

तिसरा सवाल, ठेवायचं कुठे?

पेप्टाइडची माळ नाजूक असते. उष्णतेने ती उलगडते, उलगडलेल्या माळा एकमेकींना चिकटून धागे बनतात आणि मग औषध कामाचं राहत नाही. जोरात हलवल्यानेही हे घडू शकतं. गोठवणं तर सर्वांत वाईट. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची, फ्रीजच्या बर्फाच्या खणाला चिकटू द्यायची नाही. वापरात घेतलेली बाटली सावलीत, साधारण २५ ते ३० अंशांच्या आत चारेक आठवडे चालते. नेमकी मुदत त्या-त्या बाटलीच्या माहितीपत्रकात असते. गढूळ दिसणारं एनपीएच इन्शुलिन मुळातच तसं असतं. ते हलवायचं नाही, तळहातांमध्ये हळूच फिरवायचं. मुळात पारदर्शक असलेलं गढूळ झालं किंवा त्यात गुठळ्या दिसल्या, तर ते फेकायचं. मात्र स्वच्छ दिसतंय म्हणून ते चांगलंच आहे, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही.

हे नियम थंड देशांत लिहिले गेले. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, पत्र्याच्या घरात त्याहून वर. २००५ नंतरच्या त्या भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातल्या गावांत तासन् तास वीज नसे. फ्रीज असून नसल्यासारखा. आमच्या घरी तर तो नव्हताच. दादीची बाटली प्लास्टिकच्या डब्यात, डबा माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत, वर भिजवलेलं गोणपाट. दुपारच्या अजानला गोणपाटावर पुन्हा पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं.

यामागचं विज्ञान साधं आहे. मातीच्या छिद्रांतून पाझरलेलं पाणी वाफ होताना आजूबाजूची उष्णता घेऊन जातं. कोरड्या हवेत माठ चांगला काम करतो, पावसाळ्यात हवा ओली झाली की कमी. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीत, जिथे बहुतेक सोमाली मुसलमान कुटुंबं राहतात, तिथल्या घरांतल्या तापमानाचा अभ्यास झाला. त्यावरून इन्शुलिन २५ ते ३७ अंशांच्या चढउतारात चार आठवडे ठेवून तपासण्यात आलं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ताकदीत लक्षणीय घट आढळली नाही. माठ वापरणाऱ्या घरांना यातून धीर मिळतो. पण चार आठवड्यांचं सहा करायची किंवा ४२ अंशांत मोटारसायकलच्या डिकीत बाटली ठेवायची परवानगी त्यात नाही.

घरचं आपल्या हातात असतं. बाटली घरी येण्याआधी तिचं काय झालं, हे हातात नसतं. कारखान्यातून थंड गाडी निघते, ठोक व्यापाऱ्याकडे शीतखोली असते, तिथून तालुक्याला थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटांसह पार्सल जातं. त्यापुढची कडी कच्ची असते. एका गावात मी पाहिलं, मेडिकलवाला रात्री दुकान बंद करताना सवयीने मेन स्विच पाडायचा. दिवे विझायचे, पंखा थांबायचा आणि कोपऱ्यातला फ्रीजही. सकाळी तो पुन्हा चालू. बाटल्या रोज रात्री गरम, रोज दिवसा गार. त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितल्यावर त्याने फ्रीजसाठी वेगळं बटण बसवून घेतलं.

‘फक्त संशोधनासाठी’

हे सगळं आज पुन्हा लिहायचं कारण आहे. पेप्टाइडांचा नवा जमाना आलाय. २०२५ मध्ये वजन आणि साखर उतरवणारी माउंजारो आणि वेगोवी ही इंजेक्शनं भारतात रीतसर दाखल झाली. ती महाग. त्यांच्या मागच्या दाराने दुसराच बाजार भरलाय. छोट्या बाटलीत पांढरी भुकटी, वर लिहिलेलं ‘फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरण्यासाठी नाही’. मोबाइलवरून मागवायची, पाणी घालायचं आणि पोटात टोचायची. जिममधली पोरं घेतात, लग्न जवळ आलेल्या मुलीही विचारतात.

प्रयोगशाळेत अशा भुकटीला खरंच काम आहे. कोरड्या रूपात पेप्टाइड टिकतं, म्हणून तर १९२५ चं प्रमाणही भुकटीच होतं. प्रयोगशाळा ती उणे २० अंशांत, ओलावा लागू न देता ठेवते. पाणी घातलं की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. पण तीच भुकटी शरीरात टोचायची म्हटलं की दादीचे तीनही सवाल पुन्हा उभे राहतात, आणि उत्तर द्यायला समोर कुणी नसतं.

विक्रेता ‘९९ टक्के शुद्ध’ असा कागद पाठवतो. हा आकडा बहुधा एकाच चाचणीचा असतो. नमुन्यात दिसलेल्या पेप्टाइडसारख्या पदार्थांपैकी किती भाग हव्या त्या पेप्टाइडचा, एवढंच तो सांगतो. बाटलीत वजनाने किती पेप्टाइड आणि किती क्षार-ओलावा, हे तो सांगत नाही. निर्जंतुक आहे का, जिवाणूंचे विषारी अंश आहेत का, तेही नाही. तो कागद याच बाटलीचा आहे की दुसऱ्या कुठल्या, याचीही खात्री नाही. कुरिअरच्या गोदामात ती किती दिवस उन्हात होती, याची नोंद तर नसतेच. लिओनार्ड थॉम्पसनला ११ जानेवारीला टोचलेल्या अर्कातही इन्शुलिन होतं. गळू झालं ते त्याच्याबरोबर गेलेल्या बाकीच्या गोष्टींमुळे.

‘माणसांसाठी नाही’ या दोन शब्दांत विक्रेत्याने जबाबदारीतून अंग काढून घेतलेलं असतं. वाळूजच्या कारखान्याला निदान कुणीतरी येऊन कचऱ्याची पिशवी उघडायला लावू शकलं. या बाटलीला पत्ताच नाही.

दादी २००६ मध्ये गेली. शेवटची तीन वर्षं ती खमीराचंच इन्शुलिन घेत होती. चाचा बाटली आणायचे तेव्हा सवयीने विचारायची, किसका है? चाचा म्हणायचे, खमीर का है अम्मा, वाळूज में बनता है. ती बाटली उजेडात धरायची, आत गुठळी आहे का बघायची, तारीख वाचायला मला बोलवायची आणि मगच ती माठाजवळच्या डब्यात ठेवायची. फ्रीज तोवर घरात आला होता. तिचा भरवसा माठावर होता, कारण माठाची वीज जात नव्हती.